यंत्राने ऐकलं, पण तपासलं कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘जंगलातले प्राणी आता कृत्रिम बुद्धिमत्ता मोजणार’ अशा आशयाच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. झाडाला बांधलेलं छोटं यंत्र, त्यात साठलेले महिनोन्‌महिन्यांचे आवाज आणि संगणकाने काही तासांत काढलेली प्रजातींची लांबलचक यादी. ही यादी कोणी तपासली, ते मात्र बातमीत जवळपास कधीच नसतं. पक्ष्यांचे आवाज ऐकण्याच्या हौसेतून मी अशा यंत्राने काढलेल्या नोंदी तपासून देण्याच्या कामात शिरले. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

या तंत्राबद्दल माझी तक्रार नाही. उष्ण कटिबंधातल्या दाट जंगलात डोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. दहा पावलांवरचा पक्षी पानांत दिसत नाही, त्याची शीळ मात्र दुरूनही कानावर येते. मध्य आफ्रिकेतले रानहत्ती हे याचं ठळक उदाहरण. मोकळ्या गवताळ प्रदेशातले हत्ती विमानातून मोजता येतात, पण काँगोच्या खोऱ्यातले हत्ती झाडांच्या छताखाली असतात. विमानातून फक्त हिरवळ दिसते. प्राण्यांच्या आवाजांच्या अभ्यासक केटी पेन यांना १९८४ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींच्या जवळ उभं असताना हवेत धडधड जाणवली. त्यातूनच पुढे कळलं, की हत्ती माणसाच्या कानाला न लागणाऱ्या खर्जातही एकमेकांशी बोलतात. त्यांनीच १९९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात ‘एलिफंट लिसनिंग प्रोजेक्ट’ सुरू केला. आज काँगोच्या नुआबाले-न्दोकी राष्ट्रीय उद्यानात झाडांवर टांगलेली यंत्रं हाच खर्ज टिपतात. त्याच ध्वनिमुद्रणांत बंदुकीचे बारही सापडतात. शिकार कुठे होते, कोणत्या वेळी होते, याचा अंदाज येतो आणि गस्त त्याप्रमाणे आखता येते.

यंत्राशिवाय हे सगळं ऐकणं अशक्य आहे, हेही खरं. आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने घेत चोवीस तास मुद्रण केलं, तर एका यंत्राचे दिवसाला सुमारे ८ जीबी भरतात. वटवाघळांच्या आवाजासाठी तर हा वेग पाच ते आठ पट ठेवावा लागतो. ऑडिओमॉथसारखी तळहातावर मावणारी, खुल्या आराखड्याची यंत्रं आल्यापासून एका प्रकल्पात पन्नास-शंभर यंत्रं लावणं आवाक्यात आलं आहे. एवढं मुद्रण ऐकायला माणसांची आयुष्यं पुरणार नाहीत. म्हणून आवाजाचं चित्र काढायचं, आडवा काळ आणि उभी वारंवारिता, आणि ते चित्र संगणकाला ओळखायला शिकवायचं. कॉर्नेल आणि जर्मनीतल्या केम्निट्झ विद्यापीठाने मिळून केलेलं ‘बर्डनेट’ मुद्रणाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यात कोणता पक्षी असावा, त्याला शून्य ते एकच्या दरम्यान गुण देतं.

खरा घोटाळा या गुणांपाशी होतो. ०.९ गुण म्हणजे नव्वद टक्के खात्री, असं धरून चालतात. पण ती शक्यतेची टक्केवारी नव्हे. एका पक्ष्याच्या बाबतीत ०.५ पुरेसा असतो, तर दुसऱ्याच्या बाबतीत ०.९५ असूनही निम्म्या नोंदी खोट्या निघतात. कुठल्या पक्ष्याला कोणती पातळी लावायची, हे त्याच जंगलातल्या शेकडो तुकड्यांवर कान लावून, प्रजातीगणिक ठरवावं लागतं.

यातलं गणित साधं आहे. तीन सेकंदांचे तुकडे पाडले, तर एका यंत्राचे दिवसाला २८,८०० तुकडे होतात. समजा, एखाद्या दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत संगणक हजारात एकदाच चुकतो. म्हणजे तो पक्षी तिथे मुळीच नसला तरी एका यंत्रामागे रोज २८-२९ खोट्या नोंदी. पन्नास यंत्रं तीन महिने चालली, की या खोट्या नोंदींचा आकडा १ लाख ३० हजारांच्या घरात जातो. पक्षी खरोखरच असेल, तरी त्याच्या मोजक्या खऱ्या हाका या ढिगात शोधायच्या असतात. नेहमीच्या पक्ष्याला याची झळ कमी लागते, कारण त्याच्या खऱ्या हाका हजारोंनी असतात. ज्या दुर्मीळ जिवासाठी प्रकल्पाचा घाट घातला, त्याच्याच बाबतीत यादीवर सर्वांत कमी विसंबता येतं. ‘नामशेष मानलेला पक्षी यंत्राने शोधला’ असा मथळा देण्याआधी म्हणूनच विचारायला हवं, की तो तुकडा कोणी ऐकला?

उष्ण कटिबंधात या अडचणी जास्तच वाढतात. प्रजाती भरमसाट, आणि प्रत्येकीचे नमुने थोडे. जगभरच्या हौशी लोकांनी पक्ष्यांचे आवाज जमा केलेला ‘झेनो-कँटो’ हा संग्रह २००५ मध्ये सुरू झाला. त्यात युरोपातल्या साध्यासुध्या पक्ष्याची हजारो मुद्रणं मिळतात, तर विषुववृत्ताजवळच्या कित्येक पक्ष्यांची अगदी मोजकी. शिवाय त्यातले बरेच आवाज माणसाने पक्ष्याकडे माइक रोखून टिपलेले, म्हणजे स्वच्छ. झाडावर टांगलेल्या यंत्राला मात्र पाऊस, ओढा, वारा, सिकाडा किड्यांचा कर्कश सूर आणि पहाटे एकाच वेळी बोलणारे वीस पक्षी असं सगळं एकदम ऐकू येतं. त्यातच नकला करणारे पक्षी असतात, आणि एकाच जातीची बोलीही जागेगणिक बदलते. शांत खोलीत शिकलेल्याची परीक्षा भर जत्रेत घ्यावी, तशी संगणकाची गत होते.

खोट्या नोंदींवर निदान चर्चा तरी होते. न आलेल्या नोंदींचं काय? बरेच पक्षी विणीच्या हंगामातच गातात, बेडूक पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस ओरडतात, अनेक जातींत फक्त नर बोलतो. माइकमध्ये पाणी शिरलं, तर यंत्र बहिरं होतं आणि ते कळतं काही महिन्यांनी, कार्ड काढायला माणूस जातो तेव्हा. यादीत नाव नाही म्हणून प्राणी तिथे नाही, असं म्हणता येत नाही. एखाद्या खाणीला किंवा रस्त्याला परवानगी देताना कोणी अशी यादी पुढे केली तर काय होईल, याची मला जास्त काळजी वाटते. आणि मोजणीचं म्हणाल, तर शंभर हाका म्हणजे शंभर पक्षी की शंभर वेळा बोललेला एकच, हे नुसत्या यादीवरून सांगता येत नाही. त्यासाठी एक जीव तासाला सरासरी किती वेळा बोलतो आणि त्याचा आवाज किती लांबून टिपला जातो, हे आधी वेगळं अभ्यासावं लागतं.

नीट केलेल्या कामाचं उदाहरणही देते. इक्वेडोरच्या चोको भागात कोकोच्या मळ्यांच्या आणि कुरणांच्या सोडून दिलेल्या जमिनींवर जंगल परत कसं येतं, याचा अभ्यास २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या मुद्रणांवर जाणकारांनी स्वतः कान लावला, संगणकाचे निष्कर्ष त्याच्याशी ताडून पाहिले. गंमत म्हणजे जे रात्रीचे कीटक आवाजच करत नाहीत, त्यांची डीएनएवरून केलेली नोंदही आवाजांतून दिसलेल्या चित्राशी बरीचशी जुळली. इथे एखाद्या पक्ष्याची एकेक हाक निर्णायक नव्हती. जंगल कोणत्या टप्प्यावर आहे, हा प्रश्न होता. अशा प्रश्नाला संगणक चांगलं उत्तर देतो.

जाणकार कान आणायचे कुठून, हा पुढचा प्रश्न. दक्षिण अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या आवाजांचे थोर जाणकार टेड पार्कर यांनी १९९१ मध्येच लिहून ठेवलं होतं, की उष्ण कटिबंधातल्या पक्ष्यांची पाहणी करताना टेपरेकॉर्डर जवळ हवाच. १९९३ मध्ये इक्वेडोरमध्ये हवाई पाहणी करताना विमान कोसळून ते गेले. त्यांनी टिपलेले हजारो आवाज कॉर्नेलच्या मॅकॉले ग्रंथालयात, म्हणजे तिथल्या ध्वनिसंग्रहात, आहेत. संगणकाला आज जे येतं, ते अशा लोकांनी टिपलेल्या आणि नावं दिलेल्या आवाजांतूनच आलेलं आहे. तरीही प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात यंत्रांना आणि संगणकांना पैसे असतात आणि ऐकणाऱ्याची सोय मात्र स्वयंसेवकांवर भागवली जाते.

जुनी मुद्रणं जपण्याबाबतही असाच हात आखडता. पोर्तो रिकोतल्या कोकी बेडकांची हाक संशोधक पीटर नारिन्स यांनी १९८० च्या दशकात डोंगराच्या वेगवेगळ्या उंचीवर नोंदवली आणि दोन दशकांनंतर पुन्हा त्याच वाटेवर जाऊन नोंदवली. हाका आखूड आणि सूर चढे झालेले आढळले, आणि हा बदल वाढत्या तापमानाशी जुळणारा होता. पहिल्या वेळी नुसती ‘बेडूक आहे’ एवढीच यादी ठेवली असती, तर हे कधीच कळलं नसतं. जागा वाचवायला म्हणून संगणकाने यादी काढली की मूळ आवाज पुसून टाकायचे, हा प्रकार मला म्हणूनच धोक्याचा वाटतो. पाच वर्षांनी जास्त हुशार प्रणाली आली, तर तिला ऐकवायला काही शिल्लक तरी हवं.

या मुद्रणांत माणसंही बोलतात. मध गोळा करणारे, गुराखी, वाटेने जाणाऱ्या बायका. आपण टिपले जातो आहोत, हे त्यांना अनेकदा ठाऊकही नसतं. मानवी आवाजाचे तुकडे आधीच वेगळे काढून पुसता येतात. मूळ आवाज जपा म्हणताना तेवढे वगळावेत. यंत्र लावण्याआधी त्या जंगलात राहणाऱ्यांना विचारणं हे तर पहिलं काम. त्यांच्यातले काही जण तिथला प्रत्येक आवाज ओळखतात. तपासणीच्या कामावर त्यांना पगार देऊन घ्यायला काय हरकत आहे?

आपली,
एक वाचक