पोटाला टक्स

बँकॉक, 21 ऑगस्ट 2025

ती. आईस साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितेय. तुझे जावई हे मोठ्या अक्षरात छापून नौपाड्यात आणून देतील. ते आले की आधी त्यांना चहा दे. ओरडायचं असेल तर मला ओरड, त्यांनी मला तीनदा अडवलं होतं.

मी ऑफिसच्या ट्रेनिंगला आलेले नाही. पोटाचं ऑपरेशन करून घ्यायला आले आणि ते 11 तारखेला झालं. घाबरू नकोस. गाठ नाही, आजार नाही. दोन बाळंतपणांत सुटलेलं पोट शिवून घेतलं. त्याला टमी टक म्हणतात. तू जन्मभर शेजारपाजारच्या बायकांच्या ब्लाउजना जे टक्स घातलेस ना, तेच हे. म्हणून तुला समजावून सांगणं सोपं आहे.

पोटावर मधोमध दोन उभे स्नायू असतात, बरगड्यांपासून खाली ओटीपोटापर्यंत. गरोदरपणात ते बाजूला सरकतात आणि मधला पडदा सैल कापडासारखा ताणला जातो. कुणाचे आपोआप जवळ येतात, माझे आले नाहीत. फिजिओथेरपीवालीने बोटं घालून पाहिलं, चार बोटांची फट. डॉक्टरांनी ते दोन काठ आतून वरपासून खालपर्यंत टीप मारून जुळवले. मग वरची कातडी खाली ओढली, उरलेलं कापड कापून टाकलं, आणि एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत खाली शिवण घातली, सिझेरियनच्या व्रणाच्याही खालून. बेंबी जागेवरच राहते, तिच्यासाठी वरच्या कातडीत नवं काजं करतात. साडेतीन तास लागले. फिटिंग बरं आलंय असं म्हणतात, मला अजून सूज सोडून काही दिसत नाही.

तू म्हणशील, बाळंतपणात मी जुन्या लुगड्याचा पट्टा बांधत होते तेव्हा कुरकुर करायचीस, भोग आता. खरंच कुरकुर करायचे. पण मी इथे विचारलं. पट्ट्याने आधार मिळतो, कंबरेला बरं वाटतं, फट काही मिटत नाही. तेव्हा तो दोष तुझाही नाही आणि माझाही नाही. गंमत म्हणजे आता सहा आठवडे रात्रंदिवस पट्टाच बांधायचाय, इलॅस्टिकचा, बारा हुकांचा. लुगडं परवडलं.

आता का केलं ते. वजनासाठी नाही. या ऑपरेशनने वजन उतरत नाही. आधी नऊ किलो उतरवलं मी, तलावपाळीला फेऱ्या मारून. गालफडं बसली, तुला वाटलं सासरी जाच आहे. पोट तसंच.

दोन वर्षांपूर्वी सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवरची एक बाई मला बघून उठली. म्हणाली, "बस गं. कितवा?" पाय इतके दुखत होते की तोंडातून निघून गेलं, "पाचवा." बसले. वाटलं, एका दिवसाचं आहे. दुसऱ्या दिवशी तोच डबा, तीच बाई. तिने माझ्यासाठी जागा धरून ठेवलेली. मग तिच्या ग्रुपमधल्या बाकीच्या. कुणी कैरीच्या फोडी आणल्या, कुणी आवळासुपारी. एक डोंबिवलीची तर रोज माझ्या पायांवरची सूज बघायची. पंधरा दिवसांनी त्यांनी डोहाळजेवणाचा दिवस ठरवायला घेतला, गाडीतच, हिरवी साडी नेसून ये म्हणाल्या. त्या रात्री मी झोपले नाही. दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या तासाने पुढची गाडी, दुसऱ्या टोकाचा डबा, दादरपर्यंत उभी. अजून ती बाई ठाण्याच्या ब्रिजवर दिसली की मी वळते. तिने मनात माझ्या त्या बाळाचं काय झालं असं धरलं असेल, या विचाराने आजही कसंतरी होतं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. जावयांनाही नाही. आता छापताना वाचतील.

बँकॉक का, हा तुझा पुढचा प्रश्न. ठाण्यात डॉक्टर मेले होते का? नव्हते. घोडबंदर रोडवरच्या एका सर्जनना दोनदा दाखवून आले. भला माणूस. त्यांनी सांगितलं, परदेशातून लोक मुंबईला येतात ऑपरेशनला आणि तुम्ही इथून उठून तिकडे निघालात? इथे खर्च कमी येईल, आणि मुख्य म्हणजे नंतर काही झालं तर मी पंधरा मिनिटांवर आहे. सगळं पटत होतं. पण त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसले असताना तुझ्या भिशीतल्या एक काकू आल्या, गुडघ्यासाठी, शेजारच्या डॉक्टरांकडे. "तू इथे कशी?" मी म्हटलं, तीळ दाखवायला. घरी जाऊन बँकॉकची चौकशी केली. आई, मी डॉक्टर शोधायला आलेच नाही, आडोसा शोधायला आले. एफडी मोडली, किचनसाठी ठेवलेली. विम्यातून एक पैसा मिळत नाही, कॉस्मेटिक म्हटलं की हात वर. सगळं धरून ठाण्याच्या जवळपास दुप्पट गेलं, आणि अजून जातंय.

हॉस्पिटल स्वच्छ, माणसं मऊ. माझ्या फाइलवर तारीख 11/8/2568. भुलीच्या आधी ते बघून छातीत धस्स झालं. इथे बुद्धाचं वर्ष चालतं, आपल्यापेक्षा 543 ने पुढे. सकाळी तांदळाची पेज देतात, जोक म्हणतात तिला. आपल्या पेजेसारखीच, फक्त वर आलं आणि कांद्याची पात. तुझं मेतकूट असतं तर दोन वाट्या प्यायले असते. झोपायचं डोकं उंच आणि गुडघ्यांखाली उशा, चालायचं वाकून, टीप उसवू नये म्हणून. पहिल्याच संध्याकाळी उभं केलं. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटऱ्यांना हवा भरणारे पट्टे, रोज एक इंजेक्शन, आणि तासातासाला चाल. पोटाच्या दोन्ही बाजूंना नळ्या, टोकाला डाळिंबाएवढे फुगे, त्यांत लालसर पाणी जमायचं. नर्स ते मोजून लिहायची.

दुसऱ्या दिवशी 12 ऑगस्ट. इथल्या राजमाता सिरिकित यांचा वाढदिवस, तोच इथला मातृदिन. सुट्टी असते. आईला मोगऱ्यासारखी पांढरी फुलं देतात, मली म्हणतात. समोरच्या खोलीतल्या आजींची चार मुलं फुलं घेऊन आली. मजल्यावर वास सुटला. आणि तू फोन केलास, "ट्रेनिंगचं जेवण बरं आहे ना?" मी म्हटलं, बरं आहे. पत्र तेव्हाच सुचलं होतं, लिहायला नऊ दिवस लागले.

सोबत आलेली मैत्रीण 16 ला परतली. तिने विमानतळावरच्या समुद्रमंथनाच्या पुतळ्यांचा फोटो पाठवला, एकीकडे देव, एकीकडे असुर, मधे वासुकीने आवळलेला पर्वत. मी लिहिलं, हा माझा पट्टा. हसले आणि मग रडले, कारण हसल्यावर टाके ओढतात.

आता मुद्द्याचं. उद्याचं माझं विमान मी रद्द केलंय. 18 ला नळ्या काढल्या, तेव्हा सगळं कोरडं होतं. काल सकाळी कूस बदलली तर पोटात गरम पाण्याच्या पिशवीसारखं डचमळलं. डॉक्टरांनी सुईने नव्वद मिली पाणी काढलं. याला सेरोमा म्हणतात, या ऑपरेशनात हे बरेचदा होतं, घाबरायचं काही नाही. पण पुन्हा भरेल, पुन्हा काढावं लागेल. ज्या एजंटने सगळं जमवून दिलं त्याने "बाराव्या दिवशी घरी" असं छातीठोक सांगितलं होतं. डॉक्टर म्हणतात, दहा दिवस म्हणजे काही अडचण नसेल तर. जादाच्या दिवसांचं राहणं आणि तिकीट माझं मला. ठाण्याच्या त्या सर्जनना काल ईमेल केला, आल्यावर पाहाल का म्हणून. त्यांनी तासाभरात "या" एवढंच लिहिलं. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

27 ला पुन्हा तपासणी. म्हणजे गणपती बसतील तेव्हा मी इथे रांगेत असेन. 31 ला गौरी येतील, माहेरवाशीण म्हणून त्याच, मी नाही. आले तरी घटस्थापनेपर्यंत काही उचलायचं नाही, पाट नाही, कळशी नाही, फुगडीचं तर नावच काढू नकोस. मोदकांना वहिनीला बसव. तिच्या पाकळ्या फाटतात, पण तिला उकड जास्त मळायला सांग आणि तिच्यावर लक्ष ठेवू नकोस. माझ्या मुलींना सगळं ठाऊक आहे, त्यांना तुझ्यापासून लपवायला लावलं हे माझं चुकलं. परवाच्या पावसात लोकल बंद पडल्या तेव्हा धाकटी म्हणाली, "आजीकडे राहिलो तर मी बोलून टाकीन." म्हणून त्या रात्री त्या तुझ्याकडे आल्या नाहीत. भिशीत काय सांगायचं ते तू ठरव. खरं सांगितलंस तरी माझी हरकत नाही.

आणि एक काम आहे. ऑपरेशनच्या आधी इथे फॉर्म भरायचा होता. आईला कधी पायात रक्ताची गुठळी झाली होती का? मला आठवत होतं ते एवढंच, की दादाच्या वेळी तुझा डावा पाय सुजून तुला महिनाभर झोपवून ठेवलं होतं, आणि विचारलं की तू "तेव्हाचं काय ते" म्हणून विषय बदलायचीस. तुला फोन करावा तर ट्रेनिंगमध्ये हे कशाला लागतं म्हणाली असतीस. मी "नाही" लिहिलं. काल डॉक्टरांना खरं सांगितलं, त्यांनी इंजेक्शनं वाढवली आणि विमानात बसण्याआधी नक्की काय होतं ते कळायलाच हवं म्हणाले. तुझ्या ट्रंकेत तेव्हाचे कागद असतील. 27 च्या आत जावयांना शोधायला लाव, आणि तो पाय गुठळीनेच सुजला होता का ते मला सांग.

तुझी,
धाकटी