सुभेदार साहेब, त्या लॉगबुकबद्दल आभार

राम राम साहेब,

१५ फेब्रुवारी जवळ आला की आपल्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर शुभेच्छांचा पूर येतो. १९११ साली याच दिवशी सिग्नल कोर, म्हणजे लष्कराची संदेशवहनाची शाखा, उभी राहिली, तिचं ब्रीद ‘तीव्र चौकस’ वगैरे. मीही दरवर्षी हात जोडलेलं चित्र टाकून मोकळा होतो. यंदा म्हटलं नीट लिहावं. उघडच लिहितोय, कारण तुम्ही आमचे फोरमन ऑफ सिग्नल्स होतात, म्हणजे नेमके कोण हे मला अजून बायकोलाही समजावता आलेलं नाही. तिला वाटतं कारखान्यातला मुकादम. अगदीच चूक नाही म्हणा.

युनिटचं आणि चौकीचं नाव लिहीत नाही. ते तुम्हीच शिकवलंत. लडाख, एवढं पुरे.

पणजीच्या २ सिग्नल ट्रेनिंग सेंटरमधून बाहेर पडलो तेव्हा मला वायरलेस सेट चालवता येत होता, आणि तेवढ्यावर मी खूश होतो. बोलण्याचं काम योमन साहेबांकडे, म्हणजे फ्रिक्वेन्सी, कॉलसाइन (स्टेशनचं हाक मारायचं नाव), ऑपरेटरांची शिस्त. यंत्राचं काम फोरमन म्हणून तुमच्याकडे. पण तुम्ही दोन्हीकडे नाक खुपसायचात. एकदा वायरलेसवर मी ‘रिपीट’ म्हणालो आणि तुम्ही मागून टपली मारलीत. ‘से अगेन’ म्हणायचं, कारण तोफखान्याच्या भाषेत रिपीट म्हणजे तोच मारा पुन्हा करा. ती टपली अजून आठवते.

महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमधला तुमचा कोर्स तुम्ही आम्हाला चहाच्या कपावर फुकट शिकवलात. (महूला असताना बाबासाहेबांच्या जन्मस्थळी जाऊन आल्याचंही तुम्ही अभिमानाने सांगायचात. ‘त्यांचे वडीलपण सुभेदार होते,’ हे वाक्य ठरलेलं.) डायपोल, म्हणजे दोन सारख्या बाजूंच्या तारेच्या अँटेनाची लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्‌झनं भागायचं. ५ मेगाहर्ट्‌झला साधारण साडेअठ्ठावीस मीटर तार. दिवसा वरची फ्रिक्वेन्सी, रात्री खालची, कारण सूर्य मावळला की आकाशातला, लहरी परत पाठवणारा वरचा थर विरळ होतो आणि वरची फ्रिक्वेन्सी परत न येता आरपार निघून जाते. आणि बॅटरी. थंडीत बॅटरीचा जीव अर्धा होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण उतरलेल्या बॅटरीतलं पाणी आधी गोठतं आणि तिची पेटी तडकते, भरलेली मात्र कडाक्यातही तग धरते, हे मला तुमच्याकडून कळलं. म्हणून तुम्ही एक भरलेली बॅटरी कायम बुखारीच्या (शेगडीच्या) खोलीत, भिंतीकडेला ठेवायचात. आम्ही तिला तुमची धाकटी लेक म्हणायचो. तुमच्या मागे, अर्थात.

आता त्या रात्रीचं.

दर तासाला पलीकडच्या स्टेशनला हाक मारून रेडिओ चेक करायचा आणि लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, नोंद करायची, एवढंच काम. मी स्लीपिंग बॅगमधून हात बाहेर काढायला कंटाळलो. दोनची नोंद ‘लिंक ओके’. तीनची नोंद ‘लिंक ओके’. चार्जर जोडायचाही राहिलेला. सव्वातीनला तुम्ही नेहमीसारखे न सांगता आलात, सेटचं बोलायचं बटण दाबलंत, आणि सेट गप्प. लॉगमध्ये मात्र सगळं ओके.

तुमचा नियम होता, ड्युटीवर हिंदी. मराठी फक्त चहाच्या वेळी. मी हिंदीतल्या शिव्यांसाठी मान खाली घालून उभा राहिलो. तुम्ही न बोलता धाकटी लेक आणलीत, जोडलीत, पलीकडच्या स्टेशनला स्वतः हाक मारलीत. उत्तर आलं. मग वही माझ्यासमोर ठेवून मराठीत म्हणालात, “लिही. दोनला चेक केला नाही. तीनला केला नाही. आधीचं गिरगटू नकोस, एक रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे.” मी लिहिलं, सही केली. खाली तुम्ही तुमची सही केलीत.

ते पान दाबून टाकणं तुम्हाला सहज जमलं असतं. मला पेशीवर (साहेबांपुढे शिक्षेच्या सुनावणीला) उभं करून हात झटकणंही जमलं असतं. सकाळी तुम्ही वही घेऊन स्वतः ओसी साहेबांकडे, म्हणजे आमच्या कमांडिंग अधिकाऱ्यांकडे, गेलात आणि म्हणालात, माझ्या देखरेखीत झालंय. मी बाहेर उभा होतो, ऐकलं. पुढे मला महिनाभर रात्रपाळी लागली आणि दर तासाच्या चेकला तुम्ही शेजारी बसायचात. शिक्षा मला होती, जागायचे तुम्ही.

हवालदार म्हणून घरी आलो. आता मोबाइल टॉवरची देखभाल करतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीकडे पाणी चढलं तेव्हा आम्ही बॅटऱ्या वरच्या रॅकवर चढवत होतो. नव्या पोरानं न मोजताच व्होल्टेज लिहिलं. मी वही पुढे केली आणि म्हणालो, एक रेघ मार. तो माझ्याकडे बघतच राहिला.

एक गोष्ट तेव्हा सांगितली नव्हती. ती पहिलीच रात्र नव्हती, साहेब. त्याआधीही दोन-तीनदा मी असंच लिहिलं होतं, फक्त तेव्हा सेट चालू होता म्हणून निभावलं. तुम्हाला बहुतेक माहीत होतं, नाहीतर सव्वातीनला उठून कोण येतं?

मे महिन्यात तुमच्या गावावरून जाणार आहे. काकूंना सांगा, चहा माझ्याकडून. गुडघा कसा आहे ते कळवा.

तुमचा,
रात्रपाळीचा ऑपरेटर