मजेत ना?

प्रिय बाळा,

रविवारी दारात मी आत्याची माफी मागितली, ती तू ऐकलीस. "मनावर घेऊ नका वन्सं, तो तसाच आहे." तेव्हापासून तो 'तसाच' माझ्याच घशात अडकलाय.

त्यांनी विचारलं, "काय, मजेत ना?" तू थांबलास, विचार केलास आणि म्हणालास, "नाही. तीन रात्री झोप नाही, आणि तुम्ही फार मोठ्यानं बोलता." दोन्ही खरंच. त्या आवाजाबद्दल तुझे बाबा तीस वर्षं हळू आवाजात बोलत आलेत!

पण सोमवारी नव्या ऑफिसात कुणी असंच विचारलं तर? तो प्रश्न नसतोच रे, नुसतं दार वाजवणं असतं. "बरंय, तुमचं काय?" एवढं म्हणून टाकलं की... बघ, लागले शिकवायला. चुकलं. लहानपणी आरशासमोर उभं करून हेच घोकून घ्यायचे, हसून बोल, डोळ्यांत बघून बोल. संध्याकाळी तू कपाटामागे जाऊन बसायचास. मला वाटायचं, शाळेनं दमलास.

ताईनं काही वाचायला पाठवलं. डेमियन मिल्टन या अभ्यासकानं, जो स्वतः तुझ्यासारखाच ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, आहे, २०१२ मध्येच लिहिलंय की ऑटिस्टिक माणसं आणि इतर यांच्यातलं हे न समजणं दोन्हीकडून असतं. २०२० मध्ये कानगोष्टींसारखा एक प्रयोग छापून आला. आठ-आठ जणांच्या साखळ्या, एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांइतकीच शाबूत पोचली. गळाली ती मिसळलेल्या साखळीत. म्हणजे आत्यालाही तू कळला नाहीसच की. माफी एकट्या तुझ्या वतीनं कशाला मागितली मी?

तरी सोमवारचं मनातून जात नाही. लोक पहिल्याच दिवशी 'शिष्ट' म्हणून मोकळे होतात.

मी तापानं पडले होते, तू नऊ वर्षांचा. येणारा प्रत्येक जण "कशी आहेस?" विचारून उत्तराआधी खुर्चीत टेकायचा. तू काहीच विचारलं नाहीस. दर चार तासांनी थर्मामीटर लावून आकडा वहीत लिहायचास, रात्री गजर लावून उठायचास. वरती रकान्याला नाव, 'आई'. वही अजून आहे माझ्याकडे.

सोमवारी फोन कर. नको, मेसेजच कर. दिवस कसा गेला, असं विचारणार नाही. कुठे बसवलंय, खिडकी आहे का, एवढंच लिही.

तुझी,
आई

ता. क. – ट्यूबलाइटचा आवाज आला तर आधी सांग, न बोलता उठून जाऊ नकोस. बरं, असह्य झालं तर जा.