ऑर्गनवर बसणाऱ्या काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

'सौभद्र' नाटकाचा प्रयोग संपल्यावर मी तुमच्या पाया पडले, तेव्हा तुम्ही "पुरे गं, आधी काहीतरी खाऊन घे" म्हणून विषय संपवलात. नंतर फोन केला, तर ऑर्गनचा, म्हणजे त्या पायपेटीचा, भाता कसा हवा धरत नाही तेच सांगत बसलात. तुम्हाला आभार मानून घेता येत नाहीत आणि मला ते मानल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही हे मला ठाऊक आहे. तुमच्या सूनबाई वाचून दाखवतील. तेव्हा मध्येच उठून जाऊ नका, एवढंच मागणं आहे. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी संगीत नाटकाच्या तालमी पाहिल्या आहेत ते बरोबर ओळखतील.

मी बार्शीची. लहानपणापासून गाणं शिकले, कॉलेजात एकांकिका केल्या, आणि ही दोन्ही वेडं जिथं एकत्र नांदतात ते शिकायचं म्हणून पुण्याला विद्यापीठात एम.ए.ला आले. घरच्यांना पटवताना मी इतिहासच पुढे केला होता. 31 ऑक्टोबर 1880 या दिवशी अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'चे पहिले चार अंक याच गावात, बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात लावले. संगीत नाटक शिकायचं तर पुण्यातच, असा माझा हट्ट होता. बाबांना तो पटला की माझा हट्टीपणा पाहून ते गप्प बसले, हे मी अजून विचारलेलं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात पदव्युत्तर अभ्यासाला प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण जोडलंय. 'ऑन जॉब ट्रेनिंग'. आम्ही पोरं त्याला ओजेटी म्हणतो. एखाद्या व्यावसायिक संस्थेत जाऊन काम करायचं, तिथल्या अनुभवी माणसानं शेरा द्यायचा, मग क्रेडिट मिळतात. मला ही कल्पना फार आवडली होती, आणि आजही आवडते. संगीत नाटक असंच तर शिकलं जायचं. बालगंधर्व 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत गेले तेव्हा कंपनी हीच शाळा होती. तालीम मास्तर, साथीदार, मोठे नट, सगळ्यांच्या पायाशी बसून पोरं तयार व्हायची. विद्यापीठानं तेच पुन्हा सुरू केलंय, असं मला वाटलं होतं.

तुमच्याकडे येण्याआधी मी दुसऱ्या एका संस्थेत होते. तिचं नाव घेत नाही. तिथं मी चहा सांगितला, तिकीटखिडकीवर बसले, शालूंना इस्त्री केली, दौऱ्याच्या बसमध्ये पेटारे मोजून घेतले. यातल्या एकाही कामाची मला लाज वाटत नाही. शालूला इस्त्री झाली नाही तर राजकन्या रंगमंचावर येऊ शकत नाही, हे मला कळतं. दुखणं वेगळंच होतं. मला सख्यांच्या घोळक्यात उभं केलं होतं आणि घोळक्याचं सगळं गाणं नायकाच्या पट्टीत होतं, काळी एक. पट्टी म्हणजे पेटीवरच्या ज्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर गाणाऱ्याचा सा लागतो ती. माझा गळा काळी चारचा. त्या पट्टीत खाली गायलं तर आवाज पोटात जातो, वरच्या सप्तकात गायलं तर किंचाळल्यासारखा होतो. हे गाणाऱ्या कुठल्याही माणसाला ऐकताक्षणी कळावं. पण तालमीत शेरा काय आला? "हिचा आवाज पोचत नाही." आणि प्रयोगाच्या दिवशी तिसरी घंटा व्हायच्या आत विंगेत येऊन मला सांगून गेले, "तू नुसते ओठ हलव."

काका, त्या दिवशी मी लुगडं नेसून, गजरा माळून, दिव्यांच्या उजेडात नुसते ओठ हलवत उभी होते. समोर पहिल्या रांगेत माझी आई होती. बार्शीहून एसटीनं आली होती. घरी जाताना म्हणाली, "छान गायलीस हं." तिला काय सांगणार?

तुम्ही मला पुढे एकदा विष्णुदास भाव्यांबद्दल सांगितलंत तेव्हा मी एकदम रडले होते आणि तुम्ही गोंधळून गेला होतात. त्याचं कारण आज सांगते. 1843 मध्ये सांगलीला भाव्यांनी नाटक उभं केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा, पात्रं हावभाव करायची. पुढे अण्णासाहेबांनी पदं पात्रांच्याच तोंडी दिली. शकुंतलेचं दुःख शकुंतलाच गाणार, दुसरं कुणी तिच्यासाठी गाणार नाही. मराठी संगीत नाटकाचं सगळं मोठेपण मला त्या एका निर्णयात दिसतं. आणि त्याच परंपरेचं नाव घेणाऱ्या संस्थेनं शिकायला आलेल्या मुलीला ओठ हलवायला सांगितलं. मला वाईट वाटलं ते एवढ्यासाठी.

अजून एक गोष्ट सांगते, म्हणजे ज्यांना मी चिडखोर वाटते आहे त्यांनाही कळेल. त्या संस्थेत ऑर्गन नव्हता, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड होता. त्याच्यावर पट्टी बदलायची तर एक बटण दाबायचं असतं. वाजवणाऱ्याची बोटं त्याच पट्ट्यांवर राहतात, आवाज मात्र हव्या त्या सुरात येतो. एक बटण. ते दाबायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण त्याआधी जो प्रश्न विचारावा लागतो तोच कुणी विचारला नाही. माझ्या कागदावर मात्र त्यांनी "काम उत्तम" असा शेरा देऊ केला, सहीशिक्क्यासकट. मी तो घेतला नाही आणि विद्यापीठात बाईंना जाऊन सांगितलं की मला दुसरीकडे पाठवा. बाईंनी एका शब्दानं उलट विचारलं नाही. त्यांचेही आभार इथंच मानते.

मग मी तुमच्या तालमीला आले. सदाशिव पेठेतल्या त्या शाळेचा हॉल, कोपऱ्यात रचलेले बाक, पंख्याचा आवाज गाण्यात येतो म्हणून बंद ठेवलेला पंखा. नाटक 'सौभद्र', 1882 सालचं. माझ्या वाट्याला सखीचं काम आणि एक साकी, म्हणजे छोटंसं पद, चारच ओळींचं. आजकालच्या तीन तासांच्या प्रयोगात असल्या साक्या-दिंड्याच आधी कापतात, हे मला माहीत होतं. त्यामुळे ती राहील याचीही खात्री नव्हती. माझ्या आधी गाणाऱ्या ताईंचं पद झालं, मध्ये दोन संवाद झाले, माझी पाळी आली. मी ताईंच्याच पट्टीत, पांढरी चारमध्ये सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला खाली घसरले.

तुमचे पाय थांबले. ऑर्गनमधली हवा संपेपर्यंत सूर जरा रेंगाळला आणि मग विझला. मला वाटलं, झालं, आता पुन्हा तेच वाक्य ऐकायचं. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात,

"तुझी पट्टी कोणती गं?"

मला उत्तरच देता येईना. इतक्या दिवसांत नाटकातल्या एकाही माणसानं मला हे विचारलं नव्हतं. ताईच म्हणाल्या, "सांग की, घाबरतेस काय?" मी काळी चार म्हटलं. तुम्ही ऑर्गनवरची ती निळी डायरी उघडलीत. प्रत्येक पदापुढे राग, ताल, गाणाऱ्याचं नाव आणि पट्टी, सगळं तुमच्या बारीक अक्षरात. कित्येक नावं खोडून त्यांच्यावर नवी लिहिलेली, कारण माणसं येतात, जातात, काही देवाघरी गेली. त्या साकीच्या ओळीपुढे नावाची जागा मोकळी होती. तुम्ही माझं नाव विचारलंत, आडनाव कसं लिहितेस ते विचारलंत, आणि शाईच्या पेनानं लिहिलंत. पुढे "काळी ४". मग डायरी मिटून पाय पुन्हा चालू केलेत आणि म्हणालात, "हं, घे."

ज्यांना ऑर्गन माहीत नाही त्यांना यात काय विशेष ते कळणार नाही, म्हणून लिहिते. जुन्या पायपेटीला ते बटण नसतं. पट्टी बदलली की तीच सुरावट बोटांनी वेगळ्याच पट्ट्यांवर शोधायची, काळ्यापांढऱ्याचा सगळा हिशोब बदलतो. खाली दोन्ही पायांनी भाता चालू ठेवायचा, वर हातांनी नवी वाट काढायची, आणि तीही गाणाऱ्याच्या मागोमाग, त्याच्या पुढे न जाता. तुम्ही हे सगळं एका सखीच्या चार ओळींसाठी, त्या वयात, गुडघे दुखत असताना केलंत. तुमचं पाहून तबल्यावरचे दादाही उठले. पट्टी बदलली तर तबलाही दुसरा लागतो. त्यांनी पिशवीतून लहान तोंडाचा तबला काढला आणि हातोडीनं त्याचे लाकडी गठ्ठे ठोकत तो काळी चारला मिळवला. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. ताईंनी तर साकीच्या आधीचा त्यांचा संवाद जरा सावकाश म्हणायला सुरुवात केली, म्हणजे तुम्हाला माझा षड्ज धरायला आणि मला तो ऐकायला वेळ मिळावा. एका माणसानं नीट वागायचं ठरवलं की आजूबाजूची माणसंही तशीच वागू लागतात, हे मी त्या हॉलमध्ये डोळ्यांनी पाहिलं.

बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ असायचे, एवढा मोठा वादक नाटकातल्या पदांना साथ करायचा, असं तुम्ही अभिमानानं सांगता. मी ते पुस्तकातही वाचलं होतं. पण साथ म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

भरत नाट्य मंदिरातल्या प्रयोगाबद्दल फार लिहीत नाही. माझं शेवटचं वाक्य चालू असतानाच खालून तुमचा सा आला, हळूच, मलाच ऐकू येईल इतका. मी गायले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, कारण माझी मैत्रीण मुद्दाम तिथं बसली होती आणि तिनं मध्यंतरात येऊन सांगितलं. टाळ्या आल्या का, ते आठवत नाही. आई या वेळीही आली होती. यावेळी तिनं काही म्हटलं नाही, नुसता माझा हात धरून ठेवला.

काका, मोठे गायक, मोठे नट यांच्यावर लेख येतात, पुरस्कार मिळतात. मिळायलाच हवेत. पण हा सगळा डोलारा उभा आहे तो समोरच्या माणसाला त्याची पट्टी विचारणाऱ्या माणसांवर, असं मला आता वाटतं. आणि हे फक्त नाटकाचं नाही. आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये नव्या मुलीला "तिखट चालतं का गं?" विचारणाऱ्या मावशी आहेत. औंधकडे जाणाऱ्या बसमध्ये एक कंडक्टर आहेत, म्हाताऱ्या बाईला बसायला जागा मिळेपर्यंत घंटी मारत नाहीत. त्यांना कुणी शेरा देत नाही, क्रेडिट देत नाही. ही माणसं आहेत म्हणून मी बार्शीला परत गेले नाही. एक वेळ अशी आली होती की बॅग भरून ठेवली होती, हे मी तुम्हाला कधी बोलले नव्हते.

ज्या संस्थेत मी आधी होते, तिथल्या कुणी हे वाचलं तर माझं एकच म्हणणं आहे. तुमच्याकडे विद्यापीठातून पोरं येतात ती फुकट हात म्हणून येत नाहीत. त्यांना चहा सांगा, इस्त्री सांगा, पेटारे मोजायला सांगा. पण एकदा समोर बसवून त्यांचं गाणं ऐका. पाच मिनिटं लागतात.

आणि काका, तुमच्याकडे एक काम आहे. यंदा आमच्या मागच्या वर्गातल्या दोघी ओजेटीसाठी तुमच्या संस्थेत यायचं म्हणताहेत. बाईंनी पत्र दिलंय, पुढच्या सोमवारच्या तालमीला मी त्यांना घेऊन येते. एक कोल्हापूरची आहे, दुसरी जालन्याची. दोघी चांगल्या गातात, जालन्याची जरा बुजरी आहे. त्यांच्या पट्ट्या मला माहीत आहेत, पण मी त्या तुम्हाला आधी सांगणार नाही. तुम्हीच विचारा. येताना भात्याला लावायचं ते कातडं रविवार पेठेतून घेऊन येते. नमुन्याचा तुकडा तेवढा सूनबाईंकडे काढून ठेवा.

तुमची,
सौभद्रातली सखी
एम.ए. भाग दोन