शिकागोहून आबांना : फ्रेड हॅम्प्टनविषयी

ती. आबांना,
सविनय जयभीम.

मागच्या पत्रात तुम्ही विचारले होते की, ज्यांच्या नावावरून 1972 साली तुम्ही वरळीच्या चाळींतली मुले स्वतःला दलित पँथर म्हणवून घेऊ लागलात, त्या इथल्या ब्लॅक पँथरांपैकी, म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षाच्या तरुणांपैकी, आमच्या शिकागोत कोण होते आणि त्यांचे पुढे काय झाले. याचे उत्तर फोनवर देण्याजोगे नाही, म्हणून सविस्तर लिहिते. लिहायचे तर ते एकाच माणसाविषयी लिहावे लागेल, आणि तो माणूस अवघ्या एकविसाव्या वर्षी मारला गेला.

फ्रेड हॅम्प्टनचा जन्म 30 ऑगस्ट 1948 चा. त्याचे आईवडील दक्षिणेकडील लुइझियाना राज्यातून पोटासाठी इकडे आले आणि शिकागोच्या वेशीवरच्या समिट या गावातील स्टार्चच्या कारखान्यात कामाला लागले. त्याच वस्तीत एमेट टिल नावाचा मुलगा राहत असे आणि फ्रेडची आई आयबेरिया त्याला लहानपणी सांभाळत असे. हाच एमेट चौदा वर्षांचा असताना 1955 मध्ये मिसिसिपीत गोऱ्यांच्या हातून मारला गेला. तेव्हा फ्रेड सात वर्षांचा होत होता. पुढे हे कुटुंब मेवूड या उपनगरात राहायला गेले. तिथे काळ्या मुलांना पोहायला तलाव नव्हता आणि आसपासचे तलाव गोऱ्यांसाठी राखलेले होते. आमच्याकडच्या पाणवठ्याच्या लढ्यांची कथा ज्याने लहानपणापासून ऐकली आहे, त्याला यावर अधिक सांगायला नको. फ्रेडने एन.ए.ए.सी.पी. या जुन्या नागरी हक्क संस्थेच्या युवक शाखेत सुमारे पाचशे मुले गोळा केली आणि गावाकडे तलावाची मागणी लावून धरली. आज मेवूडमधल्या तलावाला त्याचेच नाव आहे.

1968 च्या अखेरीस बॉबी रश आदी साथीदारांबरोबर त्याने ब्लॅक पँथर पक्षाची इलिनॉय शाखा उभी केली. वेस्ट मॅडिसन स्ट्रीटवर तिचे कार्यालय होते. पँथर म्हटले की लोकांना काळे जाकीट आणि बंदूक आठवते. फ्रेडचा दिवस मात्र बराचसा शाळेला निघालेल्या मुलांना फुकट न्याहारी देण्यात, त्यासाठी दुकानदारांकडून आणि चर्चकडून मदत मिळवण्यात, मोफत दवाखान्याच्या तयारीत आणि कार्यकर्त्यांच्या राजकीय वर्गांत जात असे. वक्ता तो विलक्षण होता, परंतु मला त्याच्या वक्तृत्वापेक्षा त्याची संघटनेची जाण अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती 1969 च्या रेनबो कोअलिशनमध्ये, म्हणजे इंद्रधनुष्यी आघाडीत, सर्वांत स्पष्ट दिसते.

शहराच्या उत्तरेला अपटाउन भागात ॲपलेशियाच्या डोंगराळ मुलखातून आलेले गोरे मजूर अतिशय हलाखीत राहत असत. त्यांच्या तरुणांची यंग पेट्रियट्स नावाची संघटना होती आणि तिची मुले गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचा झेंडा जाकिटावर मिरवत. अशा मुलांशी बोलायला पँथरांचा बॉब ली प्रथम गेला, त्यांच्या सभेत बसला, पोलिसांचा मार, पडक्या खोल्या आणि वस्ती हटवण्याचे पालिकेचे बेत हे दोन्हीकडे सारखेच आहे असे त्याने त्यांच्याच तोंडून वदवून घेतले. फ्रेडने ही संधी ओळखली आणि होसे ‘चा चा’ हिमेनेझच्या नेतृत्वाखालील पोर्तो रिकन तरुणांच्या यंग लॉर्ड्सनाही सोबत घेऊन तिघांची आघाडी बांधली. तो झेंडा पाहून अनेक पँथर संतापले असणार, आणि त्यांना दोष देणे मला जमणार नाही. पण वंशद्वेषाला वंशद्वेषाने उत्तर न देता एकजुटीने द्यायचे, हे तो नुसते सभांतून सांगत नव्हता, आपल्याच लोकांची नाराजी पत्करून करूनही दाखवत होता.

सरकारला हे सोसले नाही. काळ्यांच्या चळवळीला एकत्र आणील असा कोणी तारणहार उभा राहू द्यायचा नाही, असा आदेश एफ.बी.आय. या केंद्रीय तपास यंत्रणेने 1968 मध्येच काढला होता. एकाहत्तर डॉलरचे आइस्क्रीम लुटून मुलांना वाटल्याच्या आरोपावरून फ्रेडला दोन ते पाच वर्षांची शिक्षा झाली आणि अपिलात जामिनावर तो बाहेर होता. दरम्यान विल्यम ओनील नावाचा खबऱ्या पक्षात शिरून थेट सुरक्षाप्रमुख झाला होता. फ्रेडच्या घराचा नकाशा, त्याचा पलंग कुठे आहे या खुणेसह, त्यानेच एफ.बी.आय.ला पुरवला, आणि नंतर त्याला तीनशे डॉलर बक्षीस मिळाले.

4 डिसेंबर 1969 च्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास सरकारी वकील एडवर्ड हॅनरहान याच्या हाताखालचे चौदा पोलीस हत्यारांच्या झडतीचे वॉरंट घेऊन वेस्ट मन्रो स्ट्रीटवरच्या त्या घरात घुसले. पिओरियाहून आलेला बावीस वर्षांचा मार्क क्लार्क दाराशीच पडला. फ्रेड अंथरुणातून उठलाही नाही. शेजारी त्याची जोडीदार डेबरा जॉन्सन होती, जिला गरोदरपणाचे आठ महिने उलटून गेले होते. तिला खोलीबाहेर काढल्यानंतर त्याच्या डोक्यात गोळ्या घातल्या गेल्या. तिचा मुलगा त्याच महिन्याच्या शेवटी जन्मला.

हॅनरहानने ही चकमक असल्याचे सांगितले. पण पोलिसांनी घराला टाळे लावले नाही, आणि पँथरांनी ते घर लोकांसाठी उघडे केले. हजारो माणसे त्या थंडीत रांग लावून आत गेली आणि भिंतींची चाळण स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आली. पँथरांच्या गोळ्यांच्या खुणा म्हणून हॅनरहानने वृत्तपत्राला जी छायाचित्रे दिली, त्यांतली भोके म्हणजे खिळ्यांची डोकी निघाली. ग्रँड ज्युरीच्या, म्हणजे नागरिकांच्या चौकशी मंडळाच्या, तपासात पोलिसांच्या किमान ब्याऐंशी गोळ्या आणि आतून सुटलेली एकच गोळी असा हिशेब निघाला. तरीही खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. न्यायात अडथळा आणल्याच्या खटल्यातून हॅनरहान सुटला, मात्र 1972 च्या निवडणुकीत काळ्या मतदारांनी त्याला पाडले. नातेवाईक आणि वाचलेल्या साथीदारांचा दिवाणी दावा 1982 पर्यंत चालला आणि अठरा लाख पन्नास हजार डॉलरच्या भरपाईवर मिटला. पुढच्याच वर्षी हॅरल्ड वॉशिंग्टन शिकागोचे पहिले काळे महापौर निवडून आले. त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या आघाडीत त्या जुन्या रेनबोची माणसे होती. बॉबी रश तर पुढे तीस वर्षे संसदेत होते.

आता माझा एक प्रश्न आहे. तुमच्या छावणीत ब्लॅक पँथरांची माहिती कशी पोहोचली, त्यात फ्रेडचे नाव होते का, आणि चाळीतल्या इतर जातींच्या गिरणी कामगारांना जोडून घेण्याचा प्रयत्न 1974 च्या वरळीतल्या दंगलीपूर्वी तुमच्यापैकी कोणी केला होता का, हे मला तुमच्या अक्षरात हवे आहे. गळ्याशपथ, दादाकडून टाइप करून पाठवू नका. आईला आणि काकूला जयभीम सांगा.

तुमची,
सुजाता