बाबा, कॉम्प्युटरची वायर परत लावा

ति. बाबा आणि प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

काल आईकडून कळलं की बाबांनी आठ दिवस कॉम्प्युटर लावलेलाच नाही, प्लगसुद्धा काढून ठेवलाय. मग खोदून विचारल्यावर तिनं बाकीचं सांगितलं. बाबा, तिच्यावर रागावू नका. फोन केला असता तर तुम्ही "काही नाही गं" म्हणून विषय बदलला असता, म्हणून हे पत्र. शिवाय कागदावर असलं की हवं तेव्हा पुन्हा वाचता येतं.

आधी महत्त्वाचं सांगते. तुमच्या हातून काहीही बिघडलेलं नाही. स्क्रीनभर जे लाल दिसलं, कर्कश आवाज झाला, एक बाई "कॉम्प्युटर बंद करू नका" असं बजावत होती, ते सगळं एक वेबपेज होतं. बातम्यांचं पान असतं तसंच, फक्त घाबरवण्यासाठी बनवलेलं. ते पूर्ण स्क्रीन व्यापतं, त्यामुळे खालची पट्टी आणि वरची फुली दिसेनाशी होते आणि आपल्याला वाटतं कॉम्प्युटरच अडकला. "स्कॅन चालू आहे, इतके व्हायरस सापडले" हे सरकणारे आकडे म्हणजे नुसतं चलच्चित्र. वेबपेजला तुमची हार्ड डिस्क तपासताच येत नाही, ब्राउझर त्याला तिथवर पोचू देत नाही. तुमच्या शहराचं नाव पाहून तुम्ही सर्वांत जास्त हादरलात, असं आई म्हणाली. बाबा, आपण कुठलीही वेबसाइट उघडली तरी तिला आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक, कळतो आणि त्यावरून शहराचा अंदाज बांधता येतो. त्यांनी तुम्हाला शोधून काढलेलं नव्हतं. त्या पानावर जो जाईल त्याला त्याचंच शहर दिसतं.

आणि त्या पानावरचा तो फोन नंबर. एवढी एकच खूण लक्षात ठेवलीत तरी मला पुरे आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीही नसतो. नंबर दिसला की ते खोटं, मग वर कितीही ओळखीचं चिन्ह असो. खरंच काही सापडलं आहे का, हे पाहायचं असेल तर स्टार्ट मेनूतून स्वतः विंडोज सिक्युरिटी उघडायची. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम आधीपासूनच असतो, आणि त्याला काही सापडलं तर त्याची नोंद तिथे असते.

असं पान परत आलं तर त्यावरच्या कशालाही हात लावू नका, त्यातल्या "रद्द करा"लाही नाही, कारण ते बटणही त्यांचंच. एस्केपची कळ दोन-तीन सेकंद दाबून धरा, बहुतेकदा पूर्ण स्क्रीन सुटते आणि वर टॅबची फुली दिसते. तरी नाही सुटलं तर कंट्रोल, आल्ट आणि डिलीट एकदम दाबा. या तीन कळा थेट विंडोजच्या ताब्यात असतात, कुठलंही वेबपेज त्या अडवू शकत नाही. त्यातून टास्क मॅनेजर उघडायचा, ब्राउझरचं नाव निवडायचं आणि एंड टास्क. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर "आधीची पानं परत उघडू का" असं विचारेल, तिथे मात्र नाही म्हणायचं, नाहीतर तेच पान परत समोर येईल. यातलं काहीच आठवलं नाही, तर आवाज बंद करा आणि मला फोन करा. मी मीटिंगमध्ये असले तरी उचलेन, कुठल्याही वेळी.

आता त्या माणसाबद्दल. तुम्ही नंबर फिरवलात, त्यानं लांबून कॉम्प्युटर बघण्याचं ॲप उतरवायला सांगितलं आणि तिथे तुम्ही फोन ठेवलात. बाबा, तुम्हाला त्या फोनची लाज वाटते आहे, पण मला तुम्ही तो ठेवलात याचाच अभिमान वाटतो. ते ॲप चालू झालं असतं तर त्यानं इव्हेंट व्ह्यूअर नावाची नोंदवही उघडून त्यातल्या लाल-पिवळ्या खुणा दाखवल्या असत्या. तशा खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात, माझ्याही आहेत. मग "दुरुस्ती"चे पैसे, आणि तुमच्या डोळ्यांदेखत बँकेचं खातं उघडायला लावणं. हे लोक दिवसभर हेच करतात, माणूस घाबरला की त्याला कसं बोलतं ठेवायचं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तुमचा नंबर त्यांच्याकडे गेला आहे, म्हणून अजून फोन येतील. कदाचित "तुमचे पैसे परत करायचे आहेत" असंही म्हणतील. उत्तर देत बसू नका, ठेवून द्या. समजा कधी ॲप उतरवलंच गेलं, तर आधी इंटरनेट तोडायचं, लगेच बँकेला कळवायचं आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या यंत्रावरून.

आई, तुझ्या लॅपटॉपवर उजव्या कोपऱ्यात "संरक्षण संपलं" अशा चौकटी येतात ना, त्या वेगळ्या आहेत, पण जातकुळी तीच. विणकामाचे नमुने शोधताना कुठल्यातरी साइटनं "तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा" म्हटलं असेल आणि तू दाबलं असशील. तो त्या साइटला सूचना पाठवण्याचा परवाना होता. चौकटीत बारीक अक्षरांत त्या साइटचा पत्ता असतो, बघ एकदा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढली की चौकटी थांबतात.

शोधायला गेलं की भलतंच पान उघडतं, हे मात्र लॅपटॉपवर खरोखर शिरलेलं ॲडवेअर, म्हणजे जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर, वाटतंय. पीडीएफ जोडायचं जे फुकट सॉफ्टवेअर घेतलंस, त्याच्यासोबत आलं असावं. नेक्स्ट, नेक्स्ट करत जाताना मध्येच एका पानावर आधीच खूण केलेली असते आणि आपण नकळत होकार देतो. रविवारी सकाळी अकराला व्हिडिओ कॉल लावते, आपण तिघं मिळून काढू. उतरवलेल्या ॲपची यादी तारखेनुसार लावून अनोळखी ते काढायचं, ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, काढायची, मग मालवेअरबाइट्स कंपनीचं ॲडडब्ल्यूक्लीनर हे ॲडवेअर काढणारं सॉफ्टवेअर एकदा फिरवायचं. ते फुकट आहे, पण त्यांच्याच साइटवरून घ्यायचं. शोधल्यावर वरती जाहिराती येतात, त्यांवर नको. शेवटी दोघांच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन लाइट घालू. त्यानं अशी बरीच पानं मुळात समोरच येत नाहीत.

बाबा, रविवारची वाट बघू नका, वायर आजच लावा. आजोबांच्या वहीची ४३ पानं तुम्ही टाइप केली आहेत आणि ती जशीच्या तशी तिथेच असणार. उघडून बघा आणि मला एक मेसेज करा. पेन ड्राइव्हवर त्यांची एक प्रतही करून ठेवू. मला ते ४४ वं पान वाचायचंय, ज्यात आजी पहिल्यांदा घरी येते.

तुमची,
चिऊ