खोली किरायाने दिली, नंबर नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर्यापूरला आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत. मास्तर, कृषी सहायक, बँकेतली पोरं असे किरायेदार तिथे राहून गेले. आजवर फाटकावर पुठ्ठ्याची पाटी लटकवली की काम व्हायचं : ‘खोली किरायाने देणे आहे, आत चौकशी करा.’ यंदा जूनमध्ये पुण्याच्या मुलाने हौसेने एका वेबसाइटवर जाहिरात टाकली, माझ्या नंबरासकट. चौथ्या दिवशी खोली गेली, जाहिरातही काढली. फोन मात्र अजून सुरूच आहेत.

दलाल, घरकर्ज, सामान हलवणारे, रंगारी. एकाने तर माझ्या ‘फ्लॅट’मध्ये मॉड्युलर किचन बसवायचं का, असं विचारलं, आमच्या घरी अजून चूल आहे. पाठीवर फवारणीचा पंप, हाताला औषध, आणि खिशात हे वाजतंय. बायको म्हणते, उचलता कायले? पण कापसाचा व्यापारीही अनोळखी नंबरावरूनच बोलतो. न उचलून कसं चालेल? आणि नंबर बदलावा म्हटलं, तर आधार, बँक, पीएम किसान, सगळ्यांचे ओटीपी याच्यावरच येतात.

एक ‘फौजी’ही भेटला. अमरावतीला बदली झाली म्हणे, खोली न पाहताच ॲडव्हान्स द्यायला तयार. कोड पाठवला : स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं मला ठाऊक होतं म्हणून वाचलो. फसलेल्याने वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

1909 वर ‘स्टार्ट 0’ असा मेसेज पाठवून डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन बंद, हे कधीच केलं आहे. जाहिरातीचे फोन 140 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यावेत असा नियम आहे. मला येतात ते साध्या दहा आकडी नंबरांवरून. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 2025 मध्ये असा फोन आल्यावर तक्रार करायची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस केली, हे बरं झालं. पण मी एका नंबराची तक्रार करेपर्यंत तोच माणूस दुसऱ्या नंबरावरून बोलतो. त्यात मुलाने त्या वेबसाइटच्या अटी वाचून दाखवल्या : डीएनडी असलं तरी आम्ही आणि आमचे ‘भागीदार’ फोन करू शकतो, अशी संमती खोक्यात टिचकी मारताना आम्हीच दिली होती! वैयक्तिक माहितीचा 2023 चा कायदा म्हणतो, की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी. माझं काम खोली देण्याचं होतं, ते जूनमध्येच संपलं.

टॅक्सीच्या ॲपवर ड्रायव्हर आपल्याशी बोलतो, तो बऱ्याचदा मधल्या नंबरावरून. आपला खरा नंबर त्याला दिसत नाही. घरमालकांसाठी हीच सोय जाहिरात घेणाऱ्या प्रत्येक वेबसाइटला सक्तीची करावी, आणि जाहिरात निघाली की तो मधला नंबर बंद व्हावा. ट्राय आणि केंद्र सरकारने एवढं तरी करावं.

तोवर आम्ही दुसरं सिम घेतलं आहे. ते जुन्या बटणांच्या मोबाइलमध्ये घालून फडताळात ठेवलंय, खोली रिकामी असेल तेव्हाच सुरू करायचं. दिवाळीनंतर आताच्या किरायेदाराची बदली होणार आहे. पाटीवर या वेळी तोच नंबर लिहीन.

आपला,
एक घरमालक
दर्यापूर, जि. अमरावती